मताला सोबत

"आणखी एक पाई घ्या ना," लॉर्ना म्हणाली आणि हॉटेलात ऑर्व्हिलच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं चोरून पाहिलं. बारा वाजत आले होते.

"अगं, पण ते कार्यालय बंद होईल ना?"

"होतंय कसलं! पलीकडच्याच रस्त्यावर तर आहे. सफरचंदाची झाली, आता भोपळ्याची घ्या."

म्हाताऱ्यानं काटा पुन्हा हातात घेतला. ऑर्व्हिल टेशनं ऐंशी कधीच ओलांडली होती. नजर अधू झाली म्हणून त्यानं गाडी चालवणं सोडलं. लायसन्स बाद होऊन पडलं, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आता फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मत देता येत नव्हतं. मतदान उद्या होतं. ओळखपत्राचं कार्यालय या गावात फक्त सोमवारी उघडायचं, तेही दुपारी बारापर्यंत. पण अर्ज केला की पावती हातोहात मिळायची आणि मतदानाला ती चालायची. म्हणून तर लॉर्ना त्याला सकाळीच घेऊन निघाली होती.

लॉर्ना क्विस्ट म्हणजे निवृत्त शिक्षिका आणि हाडाची डेमोक्रॅट. रिपब्लिकनांनी हा कायदा केला तो आपली मतं कापायला, असं ती चर्चच्या तळघरात, किराणा दुकानात, कोणी ऐकेल तिथं सांगायची. "कार्ड कुणाच्या खिशात नसतं? गरिबाच्या, म्हाताऱ्याच्या, कॉलेजातल्या पोरांच्या. हे त्या रिपब्लिकनांना पक्कं ठाऊक असतं!" नुसत्या बडबडीवर ती थांबली नव्हती. कार्ड नसलेल्यांना ती स्वतःच्या गाडीतून न्यायची आणि घरी आणून सोडायची. ऑर्व्हिलचं नाव तिला त्याच्या शेजाऱ्यानं, हार्लन बोएनं दिलं होतं. हार्लन तिच्याच पक्षाचा. तेव्हा त्याचा दोस्तही आपल्यातलाच असणार, असं तिनं धरूनच टाकलं.

गाडीत बसल्या बसल्या ऑर्व्हिल म्हणाला होता, "आधीच सांगतो हं पोरी, मी रिपब्लिकन. लोक या कायद्याच्या नावानं उगाच बोंबलतात बघ. फक्कड कायदा आहे. फोन केला की गाडी दारात!" आणि आपल्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला होता.

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि मत त्यांना! पुढच्या वळणावर हॉटेल दिसलं तेव्हा कॉफीची टूम तिनंच काढली. तो नको नको म्हणत होता.

आता ती आग्रह करकरून त्याला खाऊ घालत होती.

"बायको गेली, बर्निस, तेव्हापासून माझ्यासमोर बसून कुणी असं वाढलं नाही बघ," तो म्हणाला. त्याच्या मिशीला क्रीम लागलं होतं.

लॉर्नानं मान खाली घातली. अजूनही उठता आलं असतं. ती उठली नाही. तिनं कॉफी मागवली.

ते कार्यालयाशी पोचले तेव्हा दारावर 'बंद'ची पाटी लागली होती आणि आत अंधार होता. ऑर्व्हिलनं काच वाजवली, काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. मग टोपी सारखी करत तो वळला.

"चूक माझीच. पाईच्या नादाला लागलो. तू कशाला एवढंसं तोंड करतेस?"

परतताना लॉर्ना मनाशी घोकत राहिली की एका मताचं काय ते, त्यांनी तर हजारो कापली. पण ते काही केल्या मनाला पटेना.

"एक काम करशील?" ऑर्व्हिल एकाएकी म्हणाला. "कार्ड मिळालं नाही हे हार्लनला सांगू नकोस."

"का?"

"मग तो मत द्यायला जायचा नाही. अगं, आम्ही तरुण होतो तेव्हापासून एकाच ट्रकमधून जातो. मी माझ्या पक्षाला, तो त्याच्या पक्षाला. दोघांचं मिळून शून्य! बर्निस हसायची, मग जाता कशाला म्हणून. ती गेली त्या साली माझ्यानं उठवेना, तर हाही घरी बसला. म्हणाला, समोर गडी नसताना मी पत्ते वाटत नाही. हट्टी आहे गाढव. पण चुकलो मी, त्यानं का मत घालवावं? मी सांगेन, मला पुतणी नेणार आहे, तू हो पुढं. तू नुसतं मिळालं म्हण."

गाडी कडेला घ्यावी आणि सगळं सांगून टाकावं, असं लॉर्नाला वाटलं. पण जीभ रेटेना, आणि तेवढ्यात ऑर्व्हिलचं घर आलं.

डोक्याला केशरी शिकारी टोपी घालून हार्लन फाटकाशीच वाट पाहत उभा होता. तो खिडकीशी वाकला. "काय गं, मिळालं का या म्हाताऱ्याला कार्ड?"

ऑर्व्हिलनं तिच्याकडे पाहून हळूच डोळा मिचकावला.

"मिळालं," लॉर्ना म्हणाली.

हार्लननं खिडकीतून हात घालून ऑर्व्हिलच्या डोक्यात टपली मारली. "बघ लेका! सकाळी घाबरत होतास ना, रिपब्लिकन म्हटल्यावर बाई वाटेत उतरवेल म्हणून? तुला म्हटलं नव्हतं, बिनधास्त सांग? आमची माणसं पक्ष बघून गाडी देत नाहीत."