कुड्याचं पान

नातवाचे जुलाब थांबेनात, म्हणून जयवंताबाईंनी बोथच्या बाजारातून कुड्याची साल आणून काढा केला. वाटी पोराच्या ओठांशी नेणार, तोच इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवणारी सून विनोदिनी ओरडली, "थांबा आत्याबाई! कुचल्याची सालही अश्शीच दिसते, आणि ती विषारी असते." सासूबाईंचा पारा चढला. "काऊन, मी नातवाले जहर पाजून राह्यली का?" सालीच्या जुडीत हिरवी डहाळी अडकली होती, ती घेऊन विनोदिनी अंगणातल्या उजेडात धावली. कुड्याचं पान तोडलं की पांढरं दूध येतं, कुचल्याचं कोरडं राहतं. तिने देठ मोडला. दूध आलं नाही. पानाच्या बुडापासून फुटलेल्या तीन शिराही कुचल्याच्याच होत्या. ती धावत आत आली. पोराचे ओठ कोरडे होते. जयवंताबाई पदराने स्वतःचे ओठ पुसत होत्या. "बघ, मीच पिऊन टाकला सारा. झालं का मले काई?"