टबमधला पाहुणा

सुट्टीसाठी घेतलेल्या ग्रीसमधल्या त्या स्वस्त फ्लॅटचं बाथरूम उघडलं आणि मी किंचाळलोच. टबमध्ये जिवंत कोकरू!

फ्लॅट हिनं फोनवर ठरवलेला. मालकिणीचं तोंडही आम्ही पाहिलेलं नव्हतं. हिनं पुन्हा फोन लावला.

"ईस्टरच्या जेवणाचं आहे ते," मालकीण म्हणाली. "रविवारी कापायला नेईन. तोवर सांभाळा, म्हणून तर भाडं अर्धं."

"अगं बाई!" ही मटकन खाली बसली. मग त्याला दशम्या भरवू लागली.

रविवारी मी दूध घेऊन परतलो, तर दोरी घेऊन मालकीण हजर. पलंगावर पांघरुणाखाली काहीतरी वळवळत होतं.

"कोकरू पळालं हो," ही सांगत होती. "आणि आमच्या ह्यांना ताप आलाय, झोपलेत."

पांघरूण 'बें' करून ओरडलं. मालकिणीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हे कोण?"

पापणीही न लववता ही म्हणाली, "माझे दीर."