आभाराची बाटली

व्हिडिओ एडिटिंगच्या दुकानात पडद्यावर अफ्रियेचा मेलेला नवरा कोकोची बाग तिला देत होता; ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागे निवाड्यासाठी पंच ताटकळले होते. “मामानं पाणी मागितलं असेल,” नवऱ्याचा भाचा म्हणाला, “मामाची जमीन भाच्यालाच जाते, मामी. रीत आहे.” वीस वर्षं ती बागेत राबली तेव्हा ही रीत कुठं मेली होती? पडद्यावर तिनं आभाराची दारूची बाटली पुढे केली. साक्षीदार त्यातलं प्यायला की दान पक्कं. पडद्यावरचा भाचा घटाघटा प्यायला. “तहान लागली होती,” तो पंचांना म्हणाला. एडिटर म्हणाला, “या सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याचा आवाज कळत नाही, मावशी. फाईलचा प्रकार बदलून घेतो.” भाचा उठला. “बस रे,” अफ्रिये म्हणाली. हिरवी पट्टी टोकाला पोचली. खरखर झाली, मग भाच्याचाच आवाज आला: “ऐकलं, मामा. बाग मामीची. ओत अजून.”