हाताच्या बाई

पौर्णिमाने पेन्सिल मुठीत आवळली आणि पहिल्याच रेघेला कागद फाडला.

"बघा," जयराम गुरुजी म्हणाले. "जूनमध्ये पहिलीत जायचं, आणि हे असं."

पल्लवीबाई हसल्या. दर मंगळवारी त्या कल्याणहून मुरबाडला यायच्या आणि एस.टी. स्टँडमागच्या एका खोलीत लहान मुलांच्या हातांना वळण लावायच्या. दारावरच्या पाटीवर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं लिहिलं होतं. ते काही कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना हाताच्या बाई म्हणायचे.

गुरुजी धसईचे. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांकडून अक्षर घोटून घेतलं होतं. वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला. घरात सही करणारे पहिले ते गुरुजीच. विहारातला फळा दर चौदा एप्रिलला त्यांच्या हातचा असायचा, आणि तो बघायला वैशाखऱ्याहून माणसं यायची. अशा घरातली नात पेन्सिल मुठीत धरते, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! म्हातारा मनातून खचला होता आणि ते काही लपत नव्हतं.

"मारून मुटकून अक्षर येत नाही, गुरुजी," बाई म्हणाल्या. "आधी बोटांत जोर यायला हवा. पीठ मळायचं. वालाचे दाणे अंगठा आणि दोन बोटांनी उचलून बाटलीत टाकायचे. दोरीला कपड्यांचे चिमटे लावायचे. पेन्सिल त्यानंतर."

"ती एकटी नाय करायची," मागून आवाज आला. गुरुजींच्या पत्नी शालनआजी दाराशी बसल्या होत्या. "कुनी समोर बसून केलं तर चालंल ना, बाई?"

"चालेल काय, हवंच! मोठ्या माणसाने आधी करून दाखवायचं, मग तिने. रोज तासभर."

"उजव्याच हातानं?"

"हो, उजव्याच."

"मंग हे बसतील," आजी म्हणाल्या. "मला येळ नाय." आणि नवऱ्याकडे असं काही बघितलं की विषयच संपला.

नोंदवहीत घरच्यांची सही हवी होती. गुरुजींनी डाव्या हाताने खिसा चाचपला. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. सही आजींनीच केली, एकेक अक्षर सुटं सुटं.

त्यानंतर आजोबा-नातीने एक मंगळवार चुकवला नाही. दिवाळीतल्या दुखण्यातून उठल्यापासून गुरुजींना तसा दुसरा उद्योगही नव्हता. पौर्णिमा बाईंसाठी दर वेळी अबोलीची वेणी आणायची. केळीच्या सोपाच्या धाग्यात गुंफलेली, गाठ न् गाठ सारखी.

"आजीचा हात छान आहे हं," बाई म्हणायच्या. पौर्णिमा जमिनीकडे बघायची.

"काल हिने अकरा दाणे टाकले," गुरुजी अहवाल द्यायचे.

"आणि तुम्ही?"

"मी आपला सोबतीला." मग हळूच, "सतरा."

बाईंना हसू यायचं. नातीशी चढाओढ लावणारा हा माणूस त्यांना फार आवडायला लागला होता. एकदा गुरुजींनी विचारलं, "घरात एक रबरी चेंडू पडून आहे, दवाखान्यातून दिलेला. तो हिला चालेल का?"

"चालेल की. दोघं आलटून पालटून दाबा."

मार्चमध्ये बाईंनी खडूचे बारीक तुकडे दिले. तुकडा एवढासा असला की मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. पौर्णिमाच्या बोटांतून तो दर दोन मिनिटांनी निसटायचा. "आबा, पडला!" म्हटलं की गुरुजी उचलून द्यायचे, आधी डाव्या हाताने, पुढे पुढे उजव्या.

चौदा एप्रिल आला आणि गेला. फळा यंदा कुणा कॉलेजातल्या पोराने लिहिला.

"तुम्ही नाही?" बाईंनी विचारलं.

"नव्या पोरांना संधी द्यायला नको का?" असं म्हणून गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले.

मे उजाडला तरी पौर्णिमाची रेघ वाकडी ती वाकडीच. बाईंना वाईट वाटत होतं. इतक्या मुलांचे हात सुधारले, आणि जिच्यावर जीव जडला तिचंच घोडं अडलं होतं. कुठे चुकतंय तेच कळेना.

शेवटच्या मंगळवारी दोघं आली. आता सुट्टी, मग शाळा. बाईंनी सवयीने नोंदवही पौर्णिमापुढे सरकवली. आजी येत नसत तेव्हा तीच कोपऱ्यात फुली मारायची. पण गुरुजींनी वही आपल्याकडे ओढली, पेन घेतलं आणि ते वाकले. चष्मा खिशातच होता. पहिलं अक्षर जरा थरथरलं, पुढची सावरली. शेवटी त्यांनी अक्षरांच्या डोक्यावरून एक लांब, सरळ रेघ ओढली. बाईंनी इतकं देखणं अक्षर कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

गुरुजी सहीकडे बघतच बसले. मग घाईने उठले. "नळावर पाणी पिऊन येतो," म्हणाले.

ते बाहेर पडले तसा पौर्णिमाने लिहायच्या पाटीवरचा खडूचा तुकडा उचलला. अंगठा आणि दोन बोटं, अगदी हवी तशी. ओठ मुडपून तिने आपलं नाव लिहिलं. एक अक्षर रेघेबाहेर गेलं नाही. मग वेणीची सुटलेली गाठ सहज आवळून तिने ती बाईंच्या हातात ठेवली.

बाई थक्क झाल्या. "पौर्णिमा! अगं, हे कधी आलं तुला?"

"कवाच येतंय."

"मग इतके दिवस?"

पौर्णिमाने दाराकडे बघून घेतलं आणि बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"आजी म्हनली, आबांचं अक्षर परत येत नाय तवर तुजं येऊ देऊ नको."