दोन कार्बोरेटर, एक नळी

फोरमनकाकांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला कार्बोरेटर दोन, आणि दोन्हींनी हवा सारखीच ओढायला हवी. ते जोखायची काकांची रीत ठरलेली: रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. डावा डाव्या कानाने ऐकायचा, उजवा उजव्याने. तीन रविवार झाले, उजव्याचा आवाज बारीकच येत होता. काका त्याचा स्क्रू पिळत होते आणि इंजिन आणखीच थडथडत होतं.

शेवटी काकूंनी नळी हिसकावून घेतली आणि दोन्हीकडे लावून पाहिली. "अहो, उजवाच तर जास्त सूंसूं करतोय!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

काकूंनी नळी काकांच्या डाव्या कानाला लावली. उजवा कार्बोरेटर वादळासारखा घोंगावला. काकांचा चेहरा पडला, काकूंचा मात्र खुलला.

"म्हणजे उजवा कान गेलाय तुमचा! आणि मी उगाच बोल लावत होते, हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो म्हणून."

काकांनी गरीब चेहऱ्याने मान डोलावली.



जेवताना, टीव्हीपुढे, बाकावर, काकू कायम काकांच्या डाव्या हाताला बसत आल्या होत्या. तो विषय काही काकांनी काढला नाही.