मांडीवरची बॅग

"पुढचं तिकीट दाखवल्याशिवाय बसमध्ये बसता येणार नाही," दारातली बाई म्हणाली.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाबाहेर शहरातल्या दुसऱ्या, डॉन म्युआंग विमानतळाकडे जाणारी फुकटची बस उभी होती. फुकट, पण तिथून पुढे उडणाऱ्यांनाच. त्याच्याकडे तैपेहून आल्याचं तिकीट होतं. गावाकडचं, नाखोन फनोमचं पुढचं तिकीट आईनं शेजारच्या पिमला काढायला लावलं होतं. "तू नुसता पासपोर्ट घेऊन ये, बाकी मी बघते," असं तिनं फोनवर बजावलं होतं.

"तिकीट आईकडे आहे," तो म्हणाला.

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वय काय बाबा तुझं?"

"चौतीस."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान तापले. त्यानं आईला फोन लावला आणि सरळ बाईच्या हातात दिला. दोघी थायलंडच्या ईशान्येकडच्या, ईसान भागातल्याच निघाल्या. पाऊसपाणी झालं, भाताची रोपं झाली, आईचे गुडघे झाले. शेवटी पिमनं बुकिंगची सहा अक्षरं वाचून दाखवली आणि बाईनं ती एका चिठ्ठीवर उतरवून घेतली.

"लाख माणूस आहे रे तुझी आई," चिठ्ठी देताना ती आपल्या ईसानी बोलीत म्हणाली. "आणि आठ वर्षांत तिला एकदा तोंड दाखवलं नाहीस म्हणे. लाज कशी वाटली नाही?"

तो काहीतरी पुटपुटला, तेही अडखळत, बँकॉकच्या भाषेत.

"घ्या. गावची बोलीही तिकडेच टाकून आलाय," बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

लाज वाटत होती. खरं तर लाजेखेरीज दुसरं काही वाटतच नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका रविवारी कामगारांच्या खोलीत फोन वाजला होता. आईनं एक साधा प्रश्न विचारला, एका शब्दात उत्तर देण्यासारखा, आणि तो 'हो' म्हणून बसला. ते 'हो' खोटं होतं. ते निस्तरायला पुढच्या रविवारी दुसरं खोटं, मग तिसरं. घसा बसलाय. कॅमेरा बिघडलाय. सुट्टी मिळत नाही. दर वर्षी सोंगक्रानच्या सणाला पार्सल पाठवायचं, चेहरा मात्र दाखवायचा नाही. कितीदा तरी खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण ती 'तोंग' अशी हाक मारायची आणि त्याचं अवसान गळायचं. त्या हाकेची चटकच लागली होती त्याला, आणि ही तर त्याहून लाजेची गोष्ट.

"बॅग खाली डिकीत टाक," ड्रायव्हर म्हणाला.

"राहू द्या. मांडीवर घेतो."

"सोनंबिनं आहे काय?"

"आईसाठी आहे," तो म्हणाला आणि खिडकीपाशी बसला.

अर्ध्या वाटेत बस उड्डाणपुलावर अडकली. पुढे गाड्यांची रांग हलेना. फोन वाजला.

"तोंग, बसायला जागा मिळाली?"

"हो, आई."

"हातातलं सामान खाली ठेवू नकोस. मांडीवर घे."

"मांडीवरच आहे."

"बरं केलंस. मी जेवून घेतलंय. दोन पानं वाढून झाकून ठेवलीत. बांबूच्या कोंबांचं कालवण केलंय. एकात आंबवलेली मासळी घातलेली नाही."

"ती का नाही?"

"सगळ्यांनाच कुठे सोसते ती? आणि ऐक, तुझ्या पार्सलांवरचे कागद मी भिंतीला चिकटवलेत. चारही. मला कुठे वाचता येतंय, पिमनं वाचून दाखवले."

"कागदांचं काय करायचंय, आई?"

"असू देत. हातचं अक्षर आहे. तू ये फक्त. विमान चुकवू नकोस."

विमान चुकावं, असंच त्याच्या मनात होतं. चुकलं तर दोष रस्त्याचा. नाही चुकलं तर काउंटरवर काय होणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पासपोर्ट बघतील, मान हलवतील, बाजूला उभं करतील. मग तिथूनच आईला फोन करून सगळं सांगावं लागेल. समोरासमोर सांगण्यापेक्षा ते सोपं, असा भेकड हिशेब करूनच तो तैपेहून निघाला होता. आता मात्र त्या झाकलेल्या पानांपर्यंत पोचता आलं तर किती बरं, असंही त्याला वाटायला लागलं.

बस पोचली तेव्हा काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. तो पळतच गेला. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठीवरची अक्षरं टाइप केली आणि पासपोर्ट उघडला. तिनं पडद्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यानं बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मधली जागा चालेल?" मुलीनं विचारलं.

"काय?"

"खिडकीच्या जागा संपल्यात. मधली देऊ का?"

यंत्रातून कागद बाहेर आला. तो त्यानं घेतला, वाचला, परत वाचला. वर नाव छापलं होतं, वीरायुत सेंगचान. पासपोर्टवरही तेच नाव होतं. पार्सलांवरच्या चारही कागदांवर तेच होतं, कारण पाठवणाऱ्यानं ओळखपत्रावरचं नाव लिहिल्याशिवाय तिकडचं टपाल पार्सल घेतच नाही.

'तोंग का रे?' एवढंच तिनं त्या रविवारी तोंगच्या फोनवर विचारलं होतं.

तो बाजूच्या बाकावर बसला. बॅगेची चेन उघडून त्यानं आतल्या अस्थींच्या बरणीवर हात ठेवला.

"तोंग," तो हळूच म्हणाला, "तुझ्या आईला सगळं माहीत आहे रे. तिनं आपल्या दोघांची पानं वाढलीत."