एका ओळीचा शेरा

सकाळपासून टूर कंपनीवाल्या टेंबेकरांच्या टेबलाकडे एकही विद्यार्थी फिरकला नव्हता. विद्यापीठाच्या पर्यटन विभागात इंटर्न निवडायला सहा कंपन्या आल्या होत्या आणि बाकी पाच टेबलांपुढे रांगा लागल्या होत्या.

“दिवाळीचा सीझन तोंडावर आलाय, मॅडम. दहा मुलं तरी द्या,” ते तिसऱ्यांदा म्हणाले.

“कुठल्या कंपनीत जायचं ते मुलंच ठरवतात, सर. माझं कोण ऐकतंय?” विभागप्रमुख उर्मिला शांतपणे म्हणाली.

सोळा वर्षांपूर्वी ती याच माणसाकडे तीन महिने इंटर्न होती. कोकणातल्या देवरायांची सहल तिने पायी हिंडून आखली. ती त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली आणि तिच्या मूल्यमापनाच्या कागदावर एकच शेरा मारला: ‘चहा चांगला करते.’ टेंबेकर ते कधीच विसरले होते. उर्मिलाने तो कागद फ्रेम करून ठेवला होता. दरवर्षी पहिल्याच तासाला ती तो नव्या वर्गाला वाचून दाखवायची, कंपनीच्या शिक्क्यासकट.

दुपारी तिने स्वतः आलं किसून चहा केला आणि कप टेंबेकरांच्या कोऱ्या यादीवर ठेवला.

“घ्या, सर. मी चहा चांगला करते,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहून दिलंय.”